रात्र थोडी, गेम फार: रखडलेल्यांपैकी काय संपवलंत?

चहाबाज
नमस्कार मंडळी,
स्टीम ह्या ऑनलाइन गेम-दुकानाच्या सेलमध्ये स्वस्त मिळाले म्हणून घेतलेले, तसल्याच एपिकने दर गुरुवारी फुकट वाटलेले, मित्राने 'हा खेळलाच पाहिजेस' म्हणत गळ्यात मारलेले असे ढीगभर गेम साठलेत. यंदा पावसाळ्यात ठरवलं, नवीन खरेदी बंद. आधी आहेत ते हातावेगळे करायचे. जे झाले त्यांच्याबद्दल लिहितो, तुम्हीही लिहा.

'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' (२०१८): १८०७ साल. हरवलेलं म्हणून नोंद झालेलं जहाज अचानक फालमथ बंदराला लागतं आणि त्यावर जिवंत माणूस एकही नाही. आपण कंपनी सरकारचे विमा तपासनीस. हातात एक घड्याळ. प्रेताजवळ ते उघडलं की आधी काळ्या पडद्यावर नुसते आवाज येतात, मग मरणाचा तो क्षण गोठून समोर उभा राहतो आणि आपण त्यात हिंडायचं. वहीत साठ जणांचा हिशेब लिहायचा: हा कोण, कसा मेला, कुणी मारला. तीन जणांचं सगळं बरोबर आलं की मगच वही ते पक्कं करते, त्यामुळे अंदाजपंचे दाहोदरसे चालत नाही. सगळं चित्र दोनच रंगांत. ल्यूकस पोपने हा जवळजवळ एकट्याने बनवलाय, ह्यावर अजून विश्वास बसत नाही. खलाशांच्या झोपायच्या झुल्यांवर नंबर असतात आणि ते यादीशी जुळतात हे लक्षात आलं तेव्हा मी खुर्चीतून उठून घरात दोन फेऱ्या मारल्या.

'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी' (२०१७): आपल्या पश्चिम घाटात घडतो. क्लोई आणि नदीन गणपतीचा सुळा शोधत होयसळांच्या पडक्या नगरांत शिरतात. जीप, धबधबे, माकडं, आणि ढिगाऱ्यात अडकलेल्या हत्तीला सोडवून त्याच्या पाठीवरून जाण्याचा एक प्रसंग. चौथ्या भागापेक्षा लहान आहे, मला त्याहून आवडला.

'द विचर ३' (२०१५): अखेर! ब्लडी बॅरनचं कथानक वाखाणतात तितकं आहेच. दारू पिऊन बायकोवर हात टाकणारा माणूस, त्याचा राग येतोच, पण तो स्वतःची बाजू सांगायला लागला की निकाल देणं जड जातं. स्केलिगे बेटांभोवतीच्या समुद्रात नकाशावर दिसणाऱ्या प्रश्नचिन्हांनी मात्र जीव नको केला. प्रत्येक ठिकाणी होडी न्या, बुडी मारा, पेटी उघडा, हाती काय तर गंजकी तलवार.

माझं मत: पूर्ण केल्याशिवाय गेमबद्दल बोलू नये. अर्धवट सोडून 'बोअर आहे' म्हणणाऱ्यांचं मी ऐकणं बंद केलंय. पटतंय का?

निवांत_नाना
जागा धरून ठेवतो. सविस्तर लिहितो नंतर.

पेठेतला_बंड्या
अजिबात पटत नाही. पिठलं खारट आहे हे कळायला पातेलं संपवावं लागत नाही.

'रेड डेड रिडेम्प्शन २' घ्या. सुरुवातीचा अख्खा भाग बर्फात. घोडा बर्फातून रेटायचा, हरीण शोधायचं, कपाटाचा एकेक खण उघडायचा आणि आतला प्रत्येक डबा आपला नायक आर्थर मॉर्गन सावकाश हातात घेणार, मग पिशवीत टाकणार. दिवसभर ऑफिसात दुसऱ्याच्या वेगाने काम करायचं आणि रात्री घरी येऊन ह्याच्या वेगाने? उडवला. दीडशे जीबी जागा मोकळी झाली, तो आनंद गेमपेक्षा मोठा होता.

सांजवेळ
बंड्या, बर्फ उतरून खाली आला होतात की बर्फातच सोडलात?

पेठेतला_बंड्या
बर्फातच.

सांजवेळ
मग तुम्ही गेम नाही, प्रस्तावना सोडलीत :)

मी नुकताच संपवलाय म्हणून राहवत नाही. तो संथपणा मलाही आधी डाचला. पण साल आहे १८९९. ह्या दरोडेखोरांचे दिवस भरलेत, आणि ते सगळ्यांना कळलंय, फक्त त्यांच्या म्होरक्याला मान्य नाही. तळावर रात्री शेकोटीपाशी कुणी गातं, कुणी भांडतं, आपण फार दिवस फिरकलो नाही तर परतल्यावर 'होतास कुठे?' म्हणून विचारतात. आर्थरची एक डायरी आहे, तिच्यात तो पाहिलेले प्राणी, घरं, माणसं स्वतः पेन्सिलीने काढतो. एरवी माणसं मारत सुटलेला हा धटिंगण पक्ष्याचं चित्र इतकं नाजूक काढतो, हे डायरी उघडली नाही तर कळतसुद्धा नाही. गेम कुठेही 'डायरी बघा' असा आग्रह करत नाही. धावत सुटणाऱ्याला हे मिळणार नाही एवढंच म्हणते.

नागपुरी_संत्रा
चहाबाज भाऊ, झुल्यांचं कायले सांगून टाकलं बे! ओब्रा डिन माह्या लायब्ररीत तसाच पडला होता. आता काय उरलं त्यात?

चहाबाज
२०१८ चा गेम आहे, संत्रा. आणि नंबर कळले म्हणून साठ माणसं ओळखता येत नाहीत. झुल्यात न झोपणारे अधिकारी आहेत, प्रवासी आहेत, बोलण्याच्या ढबीवरून, पायातल्या जोड्यांवरून, कोण कुणाशेजारी उभा राहतो त्यावरून ओळखायचे. बिनधास्त खेळ.

नागपुरी_संत्रा
आता जोडेबी सांगितले. धन्य आहे!

सांजवेळ
खिक्!

खाडीपलीकडे
ओब्रा डिनबद्दल आमचं थोडं वेगळं. त्या यादीत हिंदुस्थानी खलाशी आहेत, पाहिलं असेल सगळ्यांनी. आम्ही रत्नागिरीकडचे. आमच्या गावातली, आजूबाजूच्या मोहल्ल्यांतली कितीतरी माणसं पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर गेली. 'बोटीवर असतो' एवढंच सांगायचे, कुठली बोट, कुठलं बंदर, घरच्यांना पत्ता नसायचा. सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, आपल्याच गावची पोरं भरती करायचा, त्याच्या हाताखाली तांडेल, मग खलाशी. ते सगळं वाफेच्या बोटींच्या काळातलं, गेम त्याच्या बराच आधीचा आहे, ठाऊक आहे मला. तरी इंग्रजांच्या जहाजाबद्दलच्या गोष्टीत ह्या लोकांना चेहरा आहे, नाव आहे, आणि कप्तानाचं मरण जितकं नीट शोधावं लागतं तितकंच ह्यांचंही शोधावं लागतं, हे मला फार लागलं. वही सगळ्यांना सारखीच ओळ देते.

बाकी कोडं म्हणून कठीणच. मी बायकोसोबत खेळलो. तिने माझ्या डोळ्यांदेखत दोन अधिकारी नुसते मिशांवरून ओळखले.

चहाबाज
खाडीपलीकडे, वाचून मी पुन्हा यादी उघडून बसलोय. ह्या बाजूने पाहिलंच नव्हतं.

गडवाट
लॉस्ट लेगसीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. गेम मजेदार आहे, वाद नाही. पण त्याला पश्चिम घाट म्हणताना जीभ अडखळते. बेलूरचं देऊळ (काम सुरू झालं १११७ मध्ये, विष्णुवर्धनाच्या काळात) किंवा हळेबीडू पाहिलेल्या माणसाला होयसळ म्हटलं की काय आठवतं? मऊ दगडातलं बारीक काम. बाईच्या गळ्यातल्या दागिन्यांचा मणी न् मणी सुटा. चांदणीच्या आकाराचा जोता. मोठेपणा उंचीत नाही, जवळ गेल्यावर दिसणाऱ्या कामात आहे. गेमवाल्यांनी काय केलं? डोंगराएवढ्या मूर्ती उभ्या केल्या, कारण क्लोईला त्यांच्यावर चढायचंय आणि हातातला दोर फेकून लटकायचंय.

शिवाय इतकं हिरवं रान, इतका पाऊस पडून गेलेला आणि एक जळू नाही!

पेठेतला_बंड्या
जळवा घातल्या असत्या तर तुम्ही 'फ्रेम रेट पडतोय' म्हणाला असता.

गडवाट
:) जळवा चालतील, पण जीप घेऊन थेट देवळात शिरतात त्याचं काय? आमच्या सह्याद्रीत लोक हल्ली तेही करतात म्हणा, तेवढं वास्तववादी आहे.

दोन_पोरांची_आई
धागा आवडला. माझी खेळायची वेळ म्हणजे पोरं झोपल्यानंतर आणि मी झोपण्याआधी जे काही उरतं ते. त्यामुळे तुकड्या-तुकड्यांनी होतात तेच गेम माझ्याकडून संपतात.

'हेडीज' झाला. (२०२० चा. २०२१ मध्ये ह्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला, व्हिडिओ गेमला पहिल्यांदाच.) बापाच्या पाताळातून पळून जायचं, मधे मेलं की रक्ताच्या डोहातून परत घरी, बाप टेबलाशी बसून टोमणा मारणार, पुन्हा निघायचं. इतर गेममध्ये मेल्यावर चिडचिड होते, इथे मेल्यावर घरच्यांशी नवीन गप्पा होतात. पण चहाबाज, तुमच्या व्याख्येचं काय करायचं ते सांगा. पहिल्यांदा बाहेर पडले तेव्हा वाटलं संपला. कसला! श्रेयनामावली दिसायला दहा वेळा सुटावं लागतं. मग मी नक्की कितव्या वेळेपासून बोलायला पात्र?

आणि हो, मी गॉड मोड लावून खेळले. सुरुवातीला मार वीस टक्के कमी बसतो, आणि दर मरणाला आणखी दोन टक्के कमी. कुणाला हसायचं असेल तर हसा.

रात्रपाळी
हसत नाही ताई, पण मग जिंकलो म्हणण्यात अर्थ काय? गेमची अवघड पातळी हा त्याचा भाग आहे. 'सेलेस्ट'मध्ये प्रत्येक खोलीत पन्नास वेळा आपटून मग जी उडी जमते, तिची मजा असिस्ट मोडमध्ये (गेम सोपा करून घ्यायची सोय) नाही.

दोन_पोरांची_आई
रात्रपाळी दादा, तुमच्या पन्नास आपटण्यांच्या मधे कुणी उठून 'आई, शू' म्हणतं का? सेलेस्टच्या बनवणाऱ्यांनीच तो मोड मेनूत ठेवलाय, कुठे कोपऱ्यात लपवलेला नाही. मला मॅडलिनची गोष्ट बघायची होती, डोंगर चढताना तिची घालमेल बघायची होती. बघितली.

रात्रपाळी
शू वर आपला पास. माघार.

(सेलेस्टपुरतीच. बाकी मतावर ठाम.)

पश्चिमरंग
कुणीच 'राजी'चं नाव घेतलं नाही? 'राजी: अॅन एन्शंट एपिक', २०२०, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. माझा आत्ता झाला. भाऊ गोलूला असुरांनी पळवलंय, राजी त्रिशूळ घेऊन त्याच्या मागे. वरून दुर्गा आणि विष्णू तिच्याबद्दल बोलत राहतात. राजस्थानी धाटणीचे महाल, भिंतींवरची चित्रं आणि मधल्या प्रसंगांना छायाबाहुल्यांचा खेळ, हे इतकं सुंदर की मी बरीचशी चित्रं भिंतीशी थांबून बघितली. खांबांना गरगर फिरत मारण्याची लढाई पण छान.

रात्रपाळी
सुंदर आहे, मान्य. पण कॅमेरा आपल्या हातात नाही, कुठली उडी कुठे पडणार कळत नाही. आणि शेवट? आता खरी लढाई सुरू होणार म्हणून सावरून बसावं तर नावं सुरू. चार-पाच तासांचा गेम आणि तोही मधेच थांबवलेला. पुण्याचा आहे म्हणून जास्तीचे गुण देऊ नका राव.

पेठेतला_बंड्या
पुण्याचा आहे म्हणूनच वेळेवर बंद झाला. एक ते चारची तरी सोय ठेवली नाही हे नशीब.

पश्चिमरंग
हा विनोद येणार हे लिहितानाच माहीत होतं. रात्रपाळी, गुण जास्तीचे नाहीत. शेवट मलाही तुटक वाटला. पण छोट्या टीमने अर्धीच गोष्ट सांगितली तर 'मधेच थांबवला' म्हणता, आणि मोठ्या कंपन्या तीच गोष्ट शंभर तास ताणतात तेव्हा 'भरगच्च' म्हणता, हे कसं? इंग्रजी संवादांची ढब मला खटकली होती, २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले, त्यात खेळा. बराच फरक पडतो.

कोल्हापूरकर
हिंदी आला, मराठी कवा? पुण्यात बसून राजीला 'ए चल की' म्हणायला लावलं असतं तर नाद खुळा झाला असता.

नागपुरी_संत्रा
माह्या यादीत जुना माल आहे. 'प्रोजेक्ट आयजीआय' (२०००). सायबर कॅफेत तासावर पैसे भरून पहिल्या तीन-चार मिशनच्या पुढं कोणी गेलेला मी पाहिला नाही. आता घरी बसून पूर्ण चौदा मिशन केले. राजेहो, त्यात मिशनच्या मधे सेव्हच नाही! अर्धा तास सरपटत जा, कॅमेरे चुकवा, तारा कापा, शेवटच्या दरवाज्यापाशी कोण्या टॉवरवरून एक गोळी, झालं, पुन्हा कुंपणापासून. अलार्म वाजला की बराकीतून शिपाई निघतच राहतात, येऊन ऱ्हायले, येऊन ऱ्हायले. लहानपणी वाटे आपल्याले खेळता येत नाही. आता कळलं, गेमच तसा आहे. पण वरून नकाशा पाहायचा तो कंप्युटर, अन् जोन्सचं एकट्यानं त्या उघड्या माळावर उभं राहणं, ते अजूनबी भारी वाटते.

खाडीपलीकडे
आमच्याकडे कॅफेत आयजीआयपेक्षा व्हाइस सिटी चाले. मिशन कुणीच करायचं नाही. रणगाड्याचा चीटकोड वहीच्या मागच्या पानावर लिहिलेला, एवढ्यावर आख्खी सुट्टी गेली.

कोल्हापूरकर
वही पाहिजेच कशाला, तोंडपाठ हुता. पाढे नव्हते.

हिवाळी_अंक
कॅनडातून हजेरी. इथे थंडीत अंधार लवकर, त्यामुळे यादी जरा सरकते. पुढचा भाग 'सिल्कसाँग' येणार म्हणून आधी 'हॉलो नाइट' (२०१७) संपवायला घेतला होता, आणि ४ सप्टेंबर २०२५ ला सिल्कसाँग आला तेव्हा ऑनलाइन दुकानंच बसली, खरेदी होईना, म्हणून मला आणखी थोडा वेळ मिळाला :) हॉलो नाइट म्हणजे तीन-चार लोकांच्या ऑस्ट्रेलियन चमूने केलेला गेम. मला त्यातला सर्वांत आवडता माणूस (किडा) म्हणजे नकाशेवाला कॉर्निफर. नव्या भागात शिरलं की काहीच नकाशा नसतो, वाट चुकून जीव मेटाकुटीला येतो आणि मग जमिनीवर कागदाचे कपटे दिसतात, लांबून गुणगुणणं ऐकू येतं. त्या आवाजाच्या रोखाने जायचं, तो बसलेला असतो चष्मा लावून. त्याच्याकडून नकाशा घ्यायचा, तोही अर्धवटच, उरलेला आपण भरायचा.

शेवट मी साधा पाहिला. खरा शेवट वेगळा आहे, त्यासाठी आणखी बरंच करावं लागतं. तर चहाबाज, माझा झाला की नाही?

सांजवेळ
एक व्यावहारिक प्रश्न विचारते. मधे वर्ष गेलं की परत उघडल्यावर बटणं विसरलेली, कुठे होतो आठवत नाही, समोर राक्षस उभा. तुम्ही नव्याने सुरू करता की तसेच रेटता?

दोन_पोरांची_आई
नव्याने कधीच नाही. परत पहिल्यापासून धरला की पुन्हा त्याच जागी सुटतो. मी आता सोडताना फोनच्या नोट्समध्ये दोन ओळी लिहून ठेवते: कुठे चालले होते, कुठलं बटण कशाचं. माझ्या नोट्समध्ये सध्या 'डबल उडी + ढाल, उत्तरेच्या दारामागे म्हातारा' असं आहे आणि त्याखाली दूध, कोथिंबीर, लसणीचा गड्डा.

पश्चिमरंग
'आउटर वाइल्ड्स'ला (२०१९) ह्याची गरजच नाही. बावीस मिनिटांत सूर्य फुटतो, सगळं पहिल्यापासून, आपल्याजवळ उरते ती फक्त कळलेली माहिती, आणि तीही यानातल्या नोंदींत जपलेली असते. सहा महिन्यांनी उघडा, नोंदी वाचा, निघा. नवं शस्त्र नाही, नवी शक्ती नाही. जो दरवाजा शेवटी उघडतो तो पहिल्या मिनिटालाही उघडता आला असता, ठाऊक असतं तर. ह्याहून जास्त मी सांगणार नाही, काही लोकांनी इथे झुल्यांचं आणि जोड्यांचं काय केलं ते पाहिलंय.

गडवाट
ह्याच नावाच्या जवळचा तो दुसरा, 'द आउटर वर्ल्ड्स', त्याच वर्षीचा. भावाने मला वाढदिवसाला हा सांगून तो दिला. तोही पडूनच आहे.

निवांत_नाना
धरलेली जागा खूप वर राहिली, इथेच लिहितो.

वय सांगत नाही, पण 'प्रिन्स ऑफ पर्शिया' मी जुन्या डॉसच्या संगणकावर खेळलोय, कामाच्या जागी, जेवणाच्या सुट्टीत. आत्ता पुन्हा काढला आणि पहिल्यांदा पार केला. मूळ १९८९ चा. जॉर्डन मेकनरने भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्राची चाल काढली, म्हणून तो अजूनही माणसासारखा कठड्याला लोंबकळतो. साठ मिनिटांत बाराव्या पातळीपर्यंत पोचायचं, घड्याळ थांबत नाही.

त्यात मधे आरशातून स्वतःचीच सावली बाहेर पडते, तुम्ही प्यायला निघालेला बुधला पळवते, पुढे दरवाजा बंद करते. शेवटी समोरासमोर येते तेव्हा तिला तलवार मारली की तितकाच घाव आपल्याला. तलवार म्यान करून पुढे चालत गेलं की ती आपल्यात मिसळते. हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं, कारण तिथवर पोचलोच नव्हतो. इतकी वर्षं मी हा 'उड्या मारायचा चांगला गेम' म्हणून सांगत होतो. चहाबाज म्हणतात त्यात तथ्य आहे ते एवढ्यापुरतं.

पण बंड्याचंही खोटं नाही. मला ज्या उड्या तेव्हा आवडल्या त्या बाराव्या पातळीमुळे नाही आवडल्या.

चहाबाज
नाना, दंडवत. सावलीचं वाचून मीच शोधतोय आता हा गेम.

ताई, हिवाळी, तुमच्या प्रश्नांना उत्तर: ज्याला नावं दिसली त्याचा झाला. हेडीजला दहा वेळा, हॉलो नाइटला साधा शेवट पुरे. खरा शेवट, शंभर टक्के, सगळी पदकं, विचरमधले सगळे ग्वेंटचे पत्ते हे हौसेमौजेचं खातं. मी स्वतः, जिला शोधायचं ती सिरी संकटात असताना, खानावळीत पत्ते कुटत बसलो होतो आणि तरी एक पत्ता हुकला, त्याचं दुःख वेगळं.

मूळ मताला मात्र चिकटून आहे, फक्त थोडं आखडतं घेतो. सोडला म्हणून सांगा, कुठे सोडला तेही सांगा. बंड्याने 'बर्फात सोडला' म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं काय धरायचं ते. 'रेड डेड बोअर आहे' म्हटलं की कळत नाही.

पेठेतला_बंड्या
बरं. कळवतो की डाउनलोड परत लावलाय. सांजवेळ, त्या डायरीमुळे. सकाळपर्यंत उतरला तर उतरला. कीबोर्डवर जमतो का, की कंट्रोलर घ्यावा लागेल?

सांजवेळ
नेम धरायला माउस बरा, घोड्यावर कंट्रोलर. दोन्ही जोडून ठेवा, मधेच बदलता येतं. आणि घोड्याला ब्रश करायला विसरू नका, चिखल साचला की दम लवकर लागतो त्याला.

पेठेतला_बंड्या
घोड्याला ब्रश?!